अकरा सारखी चुकीची उत्तरं

“कालच्या स्पर्धेत तुमच्या भागातली अकरा सबमिशन्स एकाच टेस्ट केसवर चुकली आहेत,” पुण्याहून फोनवर अनिरुद्ध सर म्हणाले. “आणि चुकीचं जे उत्तर आलंय, तेही अकरा जणांचं एकच आहे.”

मी अंबडच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये होते. सोमवारचा पहिला तास नुकताच संपला होता. हातातला खडू मी टेबलावर ठेवला.

“एकच म्हणजे?”

“अठरा यायला हवं होतं. अकराही जणांचं एकवीस आलंय. ऋतुजा, बरोबर उत्तरं सगळ्यांची सारखीच असतात. त्यावरून मी कधी कुणाला पकडत नाही. चुका सारख्या निघाल्या की पकडतो. आणि हे अकराही जण तुमच्या रविवारच्या वर्गातले आहेत.”

मी समोरच्या वहीवर अठरा आणि एकवीस लिहिलं.

“तो प्रश्न मराठीत कुणी आणला?” त्यांनी विचारलं. उत्तर त्यांना माहीत होतं.

“मी.”

“हो. म्हणजे स्पर्धेच्या आधी तो प्रश्न पाहिलेली जालना जिल्ह्यातली एकच व्यक्ती आहे.”

वाचकांसाठी थोडं माझ्या कामाविषयी. ऑनलाइन कोडिंग चॅलेंज ही एक प्रकारची लेखी परीक्षा असते. एक प्रश्न दिलेला असतो, बहुधा गोष्टीच्या रूपात, आणि तो सोडवणारा प्रोग्रॅम लिहायचा असतो. लिहिलेला प्रोग्रॅम साइटकडे पाठवणं म्हणजे सबमिशन. साइट त्या प्रोग्रॅमला वेगवेगळे आकडे खायला घालते आणि उत्तर तपासते. या आकड्यांच्या संचाला टेस्ट केस म्हणतात. एकदोन टेस्ट केसेस नमुन्यादाखल दाखवलेल्या असतात. बाकीच्या लपवलेल्या असतात आणि त्यांचा निकाल स्पर्धा संपल्यावरच कळतो. वरच्या क्रमांकाच्या मुलांना कंपन्या इंटरव्ह्यूला बोलावतात. आमच्याकडच्या मुलांच्या दृष्टीने या स्पर्धेचं महत्त्व तेवढंच आणि तेवढं मोठं.

मी जालना शहरात वाढले, संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि अंबडच्या कॉलेजात अर्धवेळ शिकवते. उरलेल्या वेळात पुण्यातल्या एका कंपनीसाठी तिच्या साइटवरचे प्रश्न मराठीत आणते; अनिरुद्ध सर तिथे स्पर्धांचं काम पाहतात. रविवारी सकाळी कॉलेजच्याच एका वर्गात जुन्या प्रश्नांची उत्तरं मुलांबरोबर चर्चेला घेते: कुणी कसं सोडवलं, कुठे अडलं, कुणाचा प्रोग्रॅम कमी वेळात चालला. कंपनीला हे माहीत होतं. या दोन कामांच्या मध्ये एक भिंत होती आणि ती भिंत म्हणजे माझा शब्द. दुसरा कसलाही आडोसा नव्हता.

“उद्या संध्याकाळी समितीची मीटिंग आहे,” सर म्हणाले. “अकराही खाती काल रात्रीपासून तात्पुरती बंद आहेत. नक्कल ठरली तर ती कायमची बंद होतील आणि नावं साइटवर लागतील. तुमच्याबद्दल वेगळा निर्णय होईल. तोपर्यंत या मुलांशी फोन, मेसेज, भेट, काहीही नको. प्रश्नाचं पान आणि चर्चेचा विभागही मी बंद केलाय.”

“सर, मी प्रश्न फोडलेला नाही.”

“मी तसं म्हणालेलो नाही,” ते म्हणाले आणि फोन ठेवला. म्हणाले असते तर बरं झालं असतं. मला निदान नाही म्हणता आलं असतं.

पुढच्या तासाला मी गेले. काय शिकवलं ते आठवत नाही. डोक्यात मी माझीच उलटतपासणी घेत होते. स्पर्धेच्या आधीच्या रविवारी आपण काय बोललो? त्याच्या आधीच्या रविवारी? फळ्यावर एखादं चित्र काढलं का? आणि मग एक गोष्ट आठवली. त्याच्या आधीच्या रविवारी वर्ग चालू असताना आईचा फोन आला होता. मी व्हरांड्यात गेले होते. लॅपटॉप टेबलावर उघडा होता. त्या दिवसांत मी याच प्रश्नाचा अनुवाद करत होते. फाइल बंद होती की नुसती दुसऱ्या खिडकीमागे गेलेली होती, हे मला शपथेवर सांगता आलं नसतं.

माझा स्वतःवरचा विश्वास गेला नव्हता. पण आता माझ्याकडे पुरावा नव्हता, आणि पुरावा नसताना विश्वासाला किती किंमत द्यायची, हे संख्याशास्त्र शिकलेल्या माणसाला नेमकं माहीत असतं.

दुपारी मी खोलीवर येऊन लॅपटॉप उघडला. माझं लॉगिन अजून चालू होतं. अनुवाद करणाऱ्याला आपल्या प्रश्नावर आलेली सबमिशन्स दिसतात, कारण मुलं कुठे अडखळली यावरून अनुवाद कुठे कच्चा आहे ते कळतं. मी काय पाहते आहे याची तिकडे नोंद होत असणार, हेही मला ठाऊक होतं. तरी पाहिलं.

प्रश्न असा होता. एका कालव्याच्या काठाने शेतं आहेत. धरणाजवळचं शेत पहिलं, मग दुसरं, असे त्यांना क्रमांक आहेत. प्रत्येक शेताला किती पाणी लागतं ते दिलेलं आहे. कालव्यात ठरावीक पाणी सोडलं आहे. एकेका शेताला ओळीने पाणी द्यायचं. उरलेलं पाणी त्या शेताला पूर्ण पुरत असेल तर द्यायचं, पुरत नसेल तर ते शेत सोडून पुढे जायचं. एकूण किती शेतं भिजतील?

नमुन्यात तीन शेतं होती. त्यांची गरज दोन, सात आणि तीन, पाणी नऊ. पहिल्या शेताला दोन दिलं, सात उरलं. दुसऱ्याला सात दिलं, संपलं. उत्तर दोन.

इंग्रजीतला मूळ प्रश्नही असाच होता. मी गोष्ट बदललेली नव्हती. वाक्य न् वाक्य पुन्हा ताडून पाहिलं. अनुवादात चूक सापडली नाही. सापडली असती तर मला हायसं वाटलं असतं. चूक सुधारता येते.

मग मी अकरा प्रोग्रॅम एकेक करून वाचले. नक्कल केलेले प्रोग्रॅम ओळखायची एक सवय होते. माणूस नावं बदलतो, ओळी वरखाली करतो, पण सांगाडा तसाच राहतो. इथे उलटं होतं. सांगाडे वेगळे होते. कुणी पायथनमध्ये लिहिलं होतं, कुणी सी प्लस प्लसमध्ये. एकाने जे चार ओळींत केलं ते दुसऱ्याने पानभर लांबवलं होतं. सारखी गोष्ट एकच होती. अकराही जणांनी शेवटच्या शेतापासून सुरुवात केली होती आणि धरणाकडे येत गेले होते.

नमुन्यातले आकडे मी तसे मांडून पाहिले. शेवटच्या शेताला तीन दिलं, सहा उरलं. मधल्याला सात हवं, पुरत नाही, सोडलं. पहिल्याला दोन दिलं. उत्तर पुन्हा दोनच. म्हणजे नमुन्यावर त्यांना आपली चूक कळण्याचा मार्गच नव्हता.

पण अकरा मुलांना उलटं जायची बुद्धी एकाच वेळी कशी होते? हाच प्रश्न समितीही विचारणार होती, आणि याचं सगळ्यांत सोपं उत्तर म्हणजे माझा उघडा लॅपटॉप.

तेवढ्यात फोन वाजला. स्क्रीनवर सोनालीचं नाव होतं. सोनाली शहागडजवळच्या एका गावातून एसटीने वर्गाला येते. वर्गातली सगळ्यांत चिवट मुलगी. तिचं उत्तर मी अकरांत वाचलेलं होतं. फोन वाजून वाजून थांबला. पुन्हा वाजला. मी तो उलटा करून ठेवला आणि खुर्ची जरा मागे सरकवली, जणू त्या अंतराने काही फरक पडणार होता.

माझ्या वर्गातल्या सोळा मुलांनी ती स्पर्धा दिली होती. अकरा उलटे गेले. पाच सरळ गेले होते आणि त्यांची उत्तरं बरोबर होती. हे पाच कोण, ते मी पाहिलं. एक वकिलांचा मुलगा, एक कापड दुकानदाराची मुलगी, बाकीचे तिघेही अंबड गावातलेच, चालत वर्गाला येणारे. उलटे गेलेले अकराही जण एसटीने येणारे होते. माझ्या वर्गातून प्रश्न फुटला असता तर तो सगळ्यांसाठी फुटला असता. पुढच्या बाकावर बसतात ती गावातली मुलं. माझ्या स्क्रीनवर कुणी डोकावलंच असतं तर ते आधी. फूट बाकांवरून पडलेली नव्हती. फूट राहत्या गावावरून पडलेली होती.

मला पहिल्यांदा भीतीच्या खाली थोडी जमीन लागली. पण का, ते कळत नव्हतं. आणि ‘का’ नसेल तर हा नुसता योगायोग ठरला असता.

संध्याकाळच्या तासाला मी पुन्हा कॉलेजात गेले, तेव्हा गेटपाशी मोटारसायकल लावून सोनालीचे वडील उभे होते. सोनाली त्यांच्या मागे, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत.

“मॅडम, हिच्या मोबाइलवर काय आलंय बघा,” ते म्हणाले. “नक्कल केली म्हणतेत. खातं बंद केलंय.”

“काका, मला यावर बोलता येत नाही.”

“बोलता येत न्हाई म्हंजे? शिकवलं तर तुम्हीच ना?”

“हो. पण चौकशी चालू आहे. मी बोलले तर सोनालीचंच नुकसान होईल.”

“नुकसान व्हायचं काय राह्यलंय आता?” त्यांचा आवाज चढला आणि मग शिपायाकडे पाहून उतरला. “दिवाळीत पाव्हणे आल्ते. मी त्यांला म्हणलो, एक साल थांबा, पोरगी परीक्षा देऊन राह्यली. भावकी हसली मला. आता नाव लागणार म्हणे चोरांच्या यादीत. मंग मी काय सांगू लोकांला?”

“आबा, चला,” सोनाली म्हणाली.

“थांब. मॅडम, एकच सांगा. हिनं केली का नक्कल?”

मला ‘नाही’ म्हणायचं होतं. पण मला ते माहीत नव्हतं. मला तसं फक्त वाटत होतं. आणि म्हणायला मला परवानगीही नव्हती. “काका, उद्या संध्याकाळपर्यंत थांबा,” मी म्हणाले. “तोपर्यंत हिला घरात कुणी बोलू नका.”

“घरात कोण बोलतंय? ती कालपासून जेवली न्हाई.”

सोनालीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी फोन उचलला नव्हता, हे तिने लक्षात ठेवलं होतं. मोटारसायकल गेली तरी मी गेटपाशीच उभी होते. माझं कॉन्ट्रॅक्ट जाणार, कंपनीतल्या भाषाप्रमुखाच्या जागेसाठी मी केलेला अर्ज फाडला जाणार, हे मी दिवसभर मोजत होते. तिचं काय जाणार ते आत्ता मोजलं. माझं गेलं असतं तर मला दुसरीकडे अर्ज करता आला असता.

खोलीवर परतले तेव्हा घरमालकीण कुसुमकाकू ओट्यावर मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांची थोडी जमीन डाव्या कालव्यावर आहे. उलटे गेलेल्या अकरा मुलांची गावं मी मनातल्या मनात नकाशावर मांडत होते आणि ती सगळी त्याच कालव्याच्या आसपास पडत होती. शंका तेव्हाच आली. मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

“काकू, कॅनलला पाणी सुटलं की आधी कुणाला देतात?”

“टेलला.”

“टेल म्हणजे शेवटचं शेत?”

“मंग? टेलपासून वर वर येत्यात. धरणाजवळच्या हेडवाल्याला आधी दिलं तर तो खाली काही सोडतोय का?” त्यांनी मेथीची काडी बाजूला टाकली. “का गं, कॅनलवर जमीन घ्यायची काय?”

मी त्यांना काही उत्तर दिलं का, आठवत नाही. मी आत जाऊन पाटबंधारे खात्याचे नियम शोधले. पाणी वाटण्याची ही पद्धत रीतसर कागदावर आहे. आधी कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतांना पाणी, मग क्रमाने वर. प्रत्यक्षात हेडवाले ती मोडतात आणि त्यावरून भांडणं होतात, हा भाग वेगळा. पण कालव्याच्या गावात वाढलेल्या मुलाला पाणी कुठून सुरू होतं हे कुणी शिकवत नाही, जसं जेवण कुठल्या हाताने करायचं ते मोठेपणी कुणी शिकवत नाही. आमच्या प्रश्नात सुरुवात कुठून करायची ते लिहिलेलंच नव्हतं. पुण्यातल्या प्रश्नकर्त्याला ते लिहायची गरज वाटली नाही, कारण त्याच्या लेखी पहिलं म्हणजे पहिलं. मीही शहरातली, मलाही वाटली नाही.

मी अनिरुद्ध सरांना फोन लावला.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “गोष्ट चांगली आहे. पण तुम्ही संशयित आहात आणि ही गोष्ट तुमच्या सोयीची आहे. समिती हेच म्हणेल.”

“म्हणून गोष्टीवर विश्वास ठेवू नका. प्रयोग करा.”

“कसला?”

“उद्या सकाळी प्रत्येकाला, कशासाठी ते न सांगता, व्हिडिओ कॉलवर बोलवा. दोन नवे प्रश्न द्या. एकात रांगेत उभी मुलं आणि डब्यातले लाडू. दुसऱ्यात कालवा आणि शेतं. गणित दोन्हींत तेच, आकडे वेगळे. सुरुवात कुठून करायची ते दोन्हींत लिहू नका. माझं भाकीत मी आत्ता तुम्हाला मेल करते. रांगेत ते पुढून सुरू करतील, कालव्यावर शेवटून. वर्गातली सरळ गेलेली दोन मुलंही त्यात घ्या; ती दोन्हींत पुढून जातील. नक्कल असेल तर त्यांना कुठे उलटं जायचं ते कळणार नाही, कारण त्यांच्याकडे कारणच नसेल.”

“आणि भाकीत चुकलं तर?”

“तर माझ्याकडे दुसरं काही नाही.”

थोडा वेळ फक्त त्यांच्या कीबोर्डचा आवाज येत होता. “तुम्ही कॉलवर असाल,” ते म्हणाले, “पण कॅमेरा आणि माइक बंद. तुम्ही आहात हे मुलांना कळणार नाही. एक शब्द बोललात तर प्रयोग बाद.”

या प्रयोगात एक दोष होता आणि तो मला फोन ठेवल्यावर दिसला. आकडे घाबरत नाहीत. माणसं घाबरतात. ज्याच्यावर आरोप झाला आहे, तो आपल्याला काय ठाऊक आहे ते सांगत नाही. समोरच्याला काय हवं आहे ते शोधत बसतो. एखाद्याने आपल्या उत्तराला लाल खूण पडलेली पाहून आज उलटाच मार्ग धरला, तर माझं भाकीत मोडणार होतं आणि मोडणारा खरा असूनही दोषी दिसणार होता. पण मेल गेली होती. निकाल पाहून भाकीत बदलणं म्हणजे विज्ञान नव्हे, आणि निकालाच्या आधी बदललं असतं तर समितीने ते घाबरणं समजलं असतं. तसं ते असतंही.

मंगळवारी सकाळी कॉल सुरू झाले. सर प्रत्येकाला प्रश्न वाचून दाखवत, विचार करायला वेळ देत आणि मोठ्याने सोडवायला सांगत. पहिला मुलगा घनसावंगीच्या बाजूचा. रांगेत पुढून गेला. कालव्यावर बोलता बोलता म्हणाला, “मग खालून घेऊ,” आणि शेवटून सुरू केलं. सरांनी काही विचारलं नाही. दुसरी मुलगी तशीच. तिसरा तसाच. मी तळहात मांडीखाली दाबून बसले होते. वकिलांचा मुलगा दोन्हींत पुढून गेला आणि दोन्ही प्रश्न फार सोपे आहेत असंही म्हणाला.

मग सोनाली. तिच्या गावात नेट चालत नाही, म्हणून ती शहागडच्या एका ई-सेवा केंद्रात येऊन बसली होती. मागे हायवेवरचे ट्रक जात होते आणि दर वेळी तिचा आवाज बुडत होता. डोळ्यांखाली काळं दिसत होतं. बाजूला भिंतीशी एक पांढरा सदरा अर्धवट दिसत होता. वडील असणार.

लाडवांची रांग तिने पुढून सोडवली. कालव्याचा प्रश्न ऐकला. आकडे कागदावर उतरवले. मग म्हणाली, “एक नंबरच्या शेतापासून. धरणाकडून.” आणि सरळ सोडवलं. उत्तर बरोबर होतं.

चॅटमध्ये सरांचा मेसेज आला, फक्त मला: ही सरळ गेली.

मी उत्तर टाइप करायला बोटं कीबोर्डवर नेली आणि परत घेतली. भाकीत मोडलं होतं, आणि नेमकं तिच्यावर मोडलं होतं.

“सोनाली,” सर म्हणाले, “रविवारी तुम्ही शेवटून आला होतात. आज धरणाकडून का?”

“सर, रविवारचं चुकलं ना. लाल आलंय.”

“लाल का आलं ते तुम्हाला कुणी सांगितलं?”

“कुणी न्हाई. मीच विचार केला.” एक ट्रक गेला. ती थांबली आणि मग बोलली. “शेतांना नंबर धरणाकडून दिलेत. नंबर देणाऱ्याला तिकडून पाहिजे असल, असं वाटलं.”

“मग हे रविवारी का नाही सुचलं?”

“कारण तसं कुणी देत न्हाई, सर.”

“काय देत नाही?”

“पाणी. आमचं शेत टेलला आहे. हेडवाल्यांनी आधी दारं उघडली की आमच्याकडं नुसता चिखल येतो. म्हणून शेवटून सुरू करतेत. लहानपणापासून तसंच बघितलंय. प्रश्न वाचला, मंग तसंच लिहिलं, वेगळं काही डोक्यातच आलं न्हाई.”

“आणि आज जे सांगितलंत?”

“आज तुम्हाला पाहिजे ते सांगितलं.”

“तुम्हाला बरोबर वाटतं ते का नाही?”

ती पहिल्यांदा थेट कॅमेऱ्याकडे बघून बोलली. “खातं तुमच्या हातात आहे ना, सर. पण मी कुणाचं बघून लिहिलं न्हाई. बिलकुल न्हाई. ते तेवढं तुम्ही बराबर लिहून घ्या.”

बाजूचा पांढरा सदरा हलला. सरांच्या कीबोर्डचा आवाज आला. मग म्हणाले, “लिहून घेतलं.” आणि पुढचा कॉल लावला.

अकरांतले उरलेले सगळे रांगेत पुढून गेले आणि कालव्यावर शेवटून; सरळ गेलेल्यांपैकी दुसरं मूल दोन्हींत पुढूनच गेलं. दुपारी सरांनी माझ्याशी न बोलता संपूर्ण स्पर्धेची यादी पुन्हा चाळली, या वेळी जिल्ह्याचं बंधन न घालता. इतर जिल्ह्यांतही काही मुलं उलटी गेलेली निघाली. एकेकटी विखुरलेली असल्याने ती कुणाच्या नजरेत आली नव्हती. त्यांची उत्तरंही एकवीसच होती. माझा लॅपटॉप तिथपर्यंत पोहोचणं शक्य नव्हतं. फाइल त्या रविवारी उघडी होती की बंद, हे मला आजही माहीत नाही.

संध्याकाळी समितीने अकराही खाती उघडली आणि तो प्रश्न गुणांतून वगळला. ज्यांनी तो बरोबर सोडवला होता त्यांचे गुण गेले आणि चर्चेच्या विभागात त्यांनी दोन दिवस आमची सालटी काढली. आता कोडिंगला सातबारा जोडायचा का, असं एकाने विचारलं. वकिलांच्या मुलाने मला वर्गात तोंडावर विचारलं, “मॅडम, माझं काय चुकलं?” त्याचं काही चुकलं नव्हतं. मी त्याला तसं सांगितलं. त्याने गुण परत मिळत नाहीत.

मूळ इंग्रजी प्रश्नात आणि माझ्या अनुवादात आता एक वाक्य जास्त आहे: पाणी धरणाजवळच्या शेतापासून द्यायला सुरुवात करावी. सोनालीने ते वाचून शेजारी हसण्याचं चिन्ह टाकलं होतं. मला ते हसणं पूर्ण माफीचं वाटलं नाही, आणि त्यावर मी काही लिहिलं नाही. नंतरच्या रविवारी ती वर्गाला आली आणि नेहमीच्या जागी बसली.

तिला इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं. नोकरी त्यातून मिळाली नाही. मिळाली ती पुढच्या स्पर्धेतून, आणि त्या स्पर्धेत शेतीवरचा एकही प्रश्न नव्हता. तिच्या वडिलांनी फोन करून फक्त एवढंच विचारलं, “मॅडम, ह्या कंपनीत तर खातं बंद करीत न्हाईत ना?”

माझं कॉन्ट्रॅक्ट टिकलं. त्यात वर्गात कामाचा लॅपटॉप नेऊ नये असं एक कलम वाढलं, आणि ते रास्त आहे. भाषाप्रमुखाची जागा दुसऱ्याला मिळाली.

हल्ली अनुवाद पूर्ण झाला की मी त्याच साच्याची एक वेगळी गोष्ट रचते आणि दोन वेगळ्या भागांतल्या, स्पर्धेशी संबंध नसलेल्या माणसांना तोंडी सोडवायला देते. त्यांना उत्तर विचारत नाही. सुरुवात कुठून केली, तेवढं विचारते.